तीन रंगांच्या चिठ्ठ्या

आपल्याकडे मे महिन्याची सुट्टी म्हणजे आंबे, कुरडया-पापड, लग्नं आणि आजोळ. शाळेनं दिलेला ‘हॉलिडे होमवर्क’ असतो, पण तो शाळा उघडायच्या आदल्या रात्री आई-वडिलांनी जागून पुरा करायचा असतो, असं निदान आमच्या सोसायटीत तरी दिसतं. अमेरिकेत सुट्टी उशिरा लागते. न्यू जर्सीत जूनचा तिसरा-चौथा आठवडा उजाडतो, आणि शाळा पुन्हा भरते ती सप्टेंबरात, लेबर डेच्या आसपास. या दहाएक आठवड्यांसाठी तिथली बरीच हायस्कुलं मुलांना एखादी कादंबरी नेमून देतात. त्याला ‘समर रीडिंग’ म्हणतात. पुस्तक सुट्टीत वाचायचं, वाचताना टिपणं काढायची आणि शाळा उघडली की सुरुवातीलाच त्यावर निबंध किंवा चर्चा. त्याला मार्क असतात, त्यामुळे घरात ताणही असतो.

माझी भाची यंदा नववीत गेली, म्हणजे तिकडच्या हिशेबानं हायस्कुलातलं पहिलं वर्ष. तिला नेमलेलं पुस्तक होतं हार्पर लीचं ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’. काम दोन ओळींत सांगितलेलं: तीन पात्रांचं विश्लेषण करा, आणि पुस्तकाची एक ‘थीम’ सांगून ती पुस्तकातल्या पुराव्यानिशी मांडा. ताईनं हे काम माझ्यावर ढकललं. मी बी.ई. झालेला, गेली बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा माणूस. साहित्याची पदवी माझ्याकडे नाही. पण ज्याच्या कपाटात पुस्तकं जास्त त्याच्याकडे घरातली अशी कामं आपोआप येतात. दर रविवारी रात्री साडेआठला इथे हैदराबादला मी आणि आई जेवणं आटोपून लॅपटॉपसमोर बसायचो, तेव्हा तिकडे सकाळचे अकरा वाजलेले असायचे. आईची अट एकच होती. बोलणं मराठीत व्हायला हवं, म्हणजे मलाही कळेल.

ती अट फार कामाची निघाली. नायक धैर्यवान, न्यायी आणि सहृदय आहे, असं वाक्य इंग्रजीत भाची झोपेतही लिहू शकते. तेच ती मोडक्या मराठीत आजीला सांगायला लागली, की आजीचा प्रश्न यायचा, “म्हणजे तो करतो काय गं?” आणि भाची गप्प व्हायची. मग पानं उलटायची. सगळी सुट्टी आम्ही खरं म्हणजे या एका प्रश्नावर काढली.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. कादंबरी १९६० साली आली, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. १९६२ मध्ये सिनेमा निघाला आणि त्यातल्या वकिलाच्या भूमिकेसाठी ग्रेगरी पेकला ऑस्कर मिळालं. काळ १९३० नंतरच्या मंदीचा, जागा अलाबामा राज्यातलं मेकॉम नावाचं काल्पनिक गाव. गोष्ट सांगते स्काउट नावाची मुलगी. सुरुवातीला ती सहाचीही पुरती झालेली नाही. मोठा भाऊ जेम, वडील ॲटिकस वकील, आई वारलेली. घर आणि स्वयंपाक सांभाळणारी कृष्णवर्णीय कॅलपर्निया. जवळच बू रॅडलीचं घर. हा बू वर्षानुवर्षं बाहेर पडलेला नाही. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय शेतमजुरावर मायेला यूएल या गोऱ्या मुलीवर अत्याचार केल्याचा खोटा आळ येतो. ॲटिकस त्याचा खटला लढवतो, आणि सगळे गोरे असलेली ज्युरी टॉमला दोषी ठरवते. पुढे तुरुंगातून पळताना टॉमला पहारेकरी गोळ्या घालतात.

हे सगळं लेखिकेनं हवेतून आणलेलं नाही. तिचे वडील अलाबामातल्या मन्रोव्हिल गावात वकील होते. ती लहान असताना, १९३१ मध्ये, त्याच राज्यात स्कॉट्सबरोचा खटला गाजला. मालगाडीतून उतरवलेल्या नऊ कृष्णवर्णीय मुलांवर असाच आरोप आला आणि त्यांतल्या आठ जणांना पहिल्या फेरीत फाशीची शिक्षा सुनावली गेली. वरच्या कोर्टांत ते प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. अलाबामानं त्यांतल्या शेवटच्या तिघांना मरणोत्तर माफी दिली ती २०१३ मध्ये. भाचीला हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे माझ्या जन्मानंतर?” हो, तसंच.

आता ‘पात्राचं विश्लेषण’ म्हणजे काय? आमच्या शाळेत ‘स्वभावचित्रण करा’ असा हमखास प्रश्न असायचा आणि गाइडमध्ये त्याचं हमखास उत्तर. अमका प्रेमळ होता, कष्टाळू होता, स्वाभिमानी होता. प्रत्येक विशेषणाला एक ओळ. हे उत्तर धडा बदलला तरी चालायचं, नाव तेवढं बदलायचं. अमेरिकेला यात हसायला जागा नाही. तिकडे ‘क्लिफ्स नोट्स’ नावाची पिवळ्या-काळ्या वेष्टणातली गाइडं १९५८ पासून आहेत, नेब्रास्कातल्या एका पुस्तक-व्यवसायातल्या माणसानं सुरू केलेली. मग वेबसाइटी आल्या, आणि आता दहा सेकंदांत निबंध लिहून देणारी यंत्रं. त्यांची उत्तरं चुकीची नसतात. त्यात फक्त वाचणारं कुणी नसतं. भाचीचा पहिला मसुदा असाच होता: ॲटिकस शहाणा, शूर, निःपक्षपाती. आजीनं तिचा प्रश्न विचारला आणि मसुदा तिथेच संपला.

माझ्या धंद्यात याला तोड आहे. ‘सिस्टीम नीट चालत नाही’ अशी तक्रार आली तर तिचा काडीचा उपयोग नसतो. कुणी, किती वाजता, कुठलं बटण दाबलं आणि पडद्यावर काय आलं, याचा लॉग लागतो. मत नंतर. भाचीला मी तेवढंच म्हटलं, की आधी लॉग काढू. तिच्याकडे तीन रंगांच्या चिकटणाऱ्या चिठ्ठ्या होत्या. माणूस जे करतो ते पिवळ्या चिठ्ठीवर. जे बोलतो ते निळ्या. दुसरे लोक त्याच्याबद्दल जे बोलतात ते गुलाबी. प्रत्येकीवर पान नंबर. विशेषण कुठल्याच चिठ्ठीवर लिहायचं नाही. यात माझं असं काही नाही. तिच्या टीचरनं दोन रकान्यांची वही ठेवायला सांगितलीच होती, डावीकडे पुस्तकातला तुकडा आणि उजवीकडे स्वतःचं म्हणणं. आम्ही डावा रकाना तीन रंगांत वाटला इतकंच.

पहिलं पात्र तिनं बू रॅडली घेतलं, आणि चिठ्ठ्यांची खरी गंमत तिथे कळली. पुस्तकाच्या पहिल्या भागात बूची भिंत जवळजवळ सगळी गुलाबी. तो खारी कच्च्या खातो, रात्री खिडक्यांतून डोकावतो, वडिलांच्या पायात कात्री खुपसली, असं सगळं गाव सांगतं. बू स्वतः कुठेच नाही. मग हळूहळू पिवळ्या चिठ्ठ्या येतात, पण त्यांवर नाव नसतं. झाडाच्या ढोलीत च्युइंगम सापडतं. जुनी नाणी सापडतात. साबणाच्या कोरलेल्या दोन बाहुल्या सापडतात, या भावंडांसारख्याच. कुंपणाच्या तारेत अडकून फाटलेली जेमची पँट शिवून, घडी करून ठेवलेली मिळते. शेजारी आग लागते त्या रात्री थंडीत उभ्या असलेल्या स्काउटच्या खांद्यावर कुणीतरी घोंगडी टाकून जातं. मुलांना या गोष्टी एकमेकींशी जोडायला वेळ लागतो, आणि वाचणाऱ्यालाही. निळी चिठ्ठी मात्र अख्ख्या पुस्तकात एकच. शेवटी, दोघा मुलांचा जीव वाचवल्यावर, तो स्काउटला कुजबुजत विचारतो की मला घरी पोचवशील का. एवढंच. भाचीनं तिन्ही रंगांचा फोटो काढून पाठवला. विशेषण एकही नव्हतं आणि माणूस पुरा उभा होता.

दुसरं पात्र मायेला. इथे भाचीचा रागच आडवा आला. खोटं बोलून एका निरपराध माणसाचा जीव घेणारी मुलगी, तिच्याबद्दल काय लिहायचं? मी म्हटलं, चिठ्ठ्या तर लाव. टॉमचा डावा हात लहानपणी कापसाच्या यंत्रात सापडून निकामी झालेला, आणि मायेलाला मार लागलाय तो चेहऱ्याच्या उजव्या बाजूला. तिचा बाप भर कोर्टात सही करतो ती डाव्या हातानं. म्हणजे मारणारा कोण, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळतं. (हा भाग मी तीनदा वाचला. इतकं स्वच्छ डीबगिंग कामावर रोज बघायला मिळत नाही.) पण त्याबरोबर आणखीही चिठ्ठ्या निघाल्या. उकिरड्यासारख्या त्या अंगणात मायेलानं फुटक्या भांड्यांत लाल जिरेनियमची फुलं वाढवलेली आहेत. धाकट्या भावंडांना आइस्क्रीमला पाठवण्यासाठी ती वर्षभर एकेक नाणं साठवते. ॲटिकस कोर्टात तिला ‘मिस मायेला’ म्हणतो तर तिला वाटतं हा आपली थट्टा करतोय, कारण तिच्याशी अदबीनं आजवर कुणी बोललेलंच नाही. ऐकता ऐकता आई म्हणाली, “बिचारी.” आणि लगेच, “पण तरी टॉम गेलाच ना.” ही दोन्ही वाक्यं भाचीनं तशीच्या तशी वहीत लिहून घेतली. मायेलाच्या परिच्छेदाचा सांगाडा तोच झाला.

‘थीम’चं काम याहून किचकट होतं. भाचीनं लिहिलं होतं: थीम, वर्णद्वेष. पण तो नुसता विषय झाला. रेल्वे स्टेशनवर पाटीवर ‘काचीगुडा’ लिहिलेलं असतं, त्यावरून गाडी कुठे चाललीय ते कळत नाही. थीम म्हणजे त्या विषयाबद्दल पुस्तक जे म्हणतं ते, आणि ते पूर्ण वाक्यात सांगता यायला हवं. शिवाय ते वाक्य असं हवं की समोरचा ‘मला नाही पटत’ म्हणू शकेल. वर्णद्वेष वाईट आहे, हे वाक्य चालणार नाही, कारण त्याला नाही म्हणणारं वर्गात कुणी भेटणार नाही. मग तिनं दुसरं आणलं: मेकॉमच्या लोकांना खरं काय ते कळतं, पण खरं मान्य केलं तर त्यांना जगणं बदलावं लागेल, म्हणून ते उलटा निकाल देतात. हे चांगलं होतं. याला पुरावे सापडत होते. हिटलर ज्यूंना छळतो म्हणून वर्गात हळहळणारी शिक्षिका मिस गेट्स. तीच कोर्टातून बाहेर पडताना आपल्याच गावातल्या कृष्णवर्णीयांबद्दल काय बोलली होती, ते स्काउटच्या लक्षात आहे. हे एक प्रकरण निबंधाला पुरलं असतं. तिथे थांबलो असतो तर जुलैतच सुटलो असतो.

पण तिसरं पात्र तिनं कॅलपर्निया निवडलं. वर्गात बहुतेकांनी ॲटिकस घेतला असणार, म्हणून.

कॅलपर्नियाच्या पिवळ्या चिठ्ठ्या मोजता येईनात. स्वयंपाक, धुणं, स्काउटला अक्षर गिरवायला लावणं. जेवायला आलेल्या गरीब मुलाची चेष्टा केली म्हणून स्काउटला स्वयंपाकघरात नेऊन झापणं. पिसाळलेला कुत्रा दिसल्यावर रस्ताभर धावत जाऊन लोकांना सावध करणं. एका रविवारी ती दोन्ही मुलांना आपल्या चर्चमध्ये घेऊन जाते, आणि तिथे मुलांना पहिल्यांदा कळतं की तिला एक मोठा मुलगा आहे, ती कायद्याच्या जाड पुस्तकावरून वाचायला शिकली आणि मुलालाही तिनं त्यावरूनच शिकवलं, आणि आपल्या माणसांत ती वेगळं इंग्रजी बोलते. स्काउटला फार मौज वाटते. ती विचारते, मी तुझ्या घरी येऊ का? ये की, म्हणते कॅलपर्निया. पुढे स्काउट ही गोष्ट घरी बोलून जाते, आणि पाहुणी आलेली आत्या साफ नाही म्हणते.

“मामा,” भाची म्हणाली, “एकतीस चॅप्टर आहेत. तिच्या घराचं एक पान नाही.”

हे गाइडात नव्हतं. तिनं स्वतः मोजलं होतं. त्यावरून तिनं नवी थीम बांधली: मेकॉममधले भले लोक कृष्णवर्णीय माणसांवर माया करतात, पण ती माया एकाच दिशेनं चालते, ते आपल्या घरी येतात, आपण त्यांच्या घरी जात नाही. मी लगेच आडवा गेलो, कारण विरुद्ध पुरावा शोधणं हेच माझं रोजचं काम. टॉम मेल्यावर ॲटिकस त्याच्या बायकोला सांगायला तिच्या घरी जातो, त्याचं काय? तिनं दोन दिवस घेतले आणि वाक्य दुरुस्त केलं: केस असली किंवा मरण असलं तर जातात, पाहुणे म्हणून जात नाहीत. माझ्या मते त्या सुट्टीत ती वाचायला शिकली असेल तर ती या दुरुस्तीत.

मग त्याच रविवारी, फोन ठेवायच्या बेतात असताना, तिनं विचारलं, “आजी, आपल्या मावशींचं घर कुठे आहे?”

मावशी म्हणजे आमच्याकडे कामाला येणाऱ्या. आपल्या भाषेनं त्यांना नातं देऊन टाकलंय. आमच्याकडे त्या एकोणीस वर्षं येतात. “अंबरपेटकडे,” आई म्हणाली. “पुलाच्या पलीकडे कुठेतरी.” “तू गेली आहेस?” “कामाशिवाय कशाला जाऊ?” भाची थोडा वेळ थांबली. मागच्या डिसेंबरात ती इथे तीन आठवडे राहून गेली होती. “आणि त्यांचा चहाचा पेला वेगळा का असतो? खिडकीत ठेवलेला.”

आईनं उत्तर दिलं ते एवढंच, की तो माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून तसाच आहे. मग ती उठून आत गेली.

दोन दिवस घरात बोलणं कमी होतं. “चौदा वर्षांची पोर माझा हिशेब काढते,” असं एकदा ती भाजी निवडता निवडता म्हणाली. ताईचा फोन आला. शाळेचं पुस्तक शाळेपुरतं ठेव, म्हणाली, आईला वाईट वाटलंय. मला ते पटलं नाही आणि मी तसं सांगितलं. तीन पात्रांत काय दडलंय ते शोधायला शिकवायचं आणि चौथं दिसलं की डोळे मिटायला सांगायचं, हे कसं जमणार? शिवाय पोरीनं विचारलं होतं ते मोठ्या आवाजातही नव्हतं. पेला बघून तिला जे वाटलं ते तिनं सात महिने मनात ठेवलं होतं, आणि बोलायला शब्द मिळाले ते या पुस्तकामुळे.

पुढच्या रविवारी आई आठ वाजताच येऊन बसली. हातात घरातलं जुनं ‘श्यामची आई’. कॉल लागल्याबरोबर तिनं भाचीला मोळीचा प्रसंग सांगायला घेतला. एक म्हातारी महारीण डोक्यावरून पडलेली मोळी उचलू शकत नाही, आणि गावातलं कुणी तिला शिवायला तयार नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे. आणि घरी येऊन आंघोळ कर. “आता सांग,” आई म्हणाली, “मोळी द्यायला लावते आणि आंघोळही करायला लावते. ती वाईट का?”

भाची म्हणाली, “मी वाईट म्हटलंच नाही, आजी. दोन पिवळ्या चिठ्ठ्या आहेत. दोन्ही लावते.”

“मग माझ्याही दोन्ही लाव,” आई म्हणाली, आणि मोजायला लागली. घराची किल्ली एकोणीस वर्षं मावशींकडे असते. बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा रात्री सोबतीला त्याच राहिल्या. त्यांच्या मुलीची इंटरची फी आईनं भरली. हे सगळं खरं आहे, मी साक्षीदार आहे. भाची लिहून घेत होती. लिहिता लिहिता तिनं विचारलं, “आणि निळी? मावशी काय म्हणतात?” यावर आमच्या दोघांकडेही सांगण्यासारखं काही निघालं नाही.

इथून आम्ही ॲटिकसकडे आलो, जो खरं तर तिच्या यादीत नव्हता. पण थीम त्याच्यावाचून पुरी होत नव्हती. तो तुरुंगाच्या दारात दिवा लावून पेपर वाचत बसतो, जमावाला टॉमपर्यंत जाऊ देत नाही. आणि तोच जेमला सांगतो की क्लॅन ही फार पूर्वीची, मुख्यतः राजकीय संघटना होती, घाबरण्यासारखं काही नाही. ही चिठ्ठी सापडल्यावर भाची चिडली होती. त्यात मी २०१५ मध्ये आलेल्या ‘गो सेट अ वॉचमन’बद्दल सांगितलं. ते पुस्तक हार्पर लीनं आधी लिहिलं होतं पण छापलं गेलं फार नंतर. त्यात मोठी झालेली स्काउट गावी येते आणि वर्णभेदाची बाजू घेणाऱ्यांच्या सभेत आपले वडील बसलेले बघते. कित्येक वाचकांना ते सहन झालं नाही. अमेरिकेत या कादंबरीवरून अजून वाद होतात. २०१७ मध्ये मिसिसिपीतल्या बिलॉक्सीत ती आठवीच्या वर्गातून काढली, कारण तिच्यातली भाषा काहींना अस्वस्थ करत होती. उलट काही शिक्षकांची तक्रार अशी, की यात गोरा वकील नायक होतो आणि कृष्णवर्णीय माणसांना बोलायलाच मिळत नाही. माझा कल या दुसऱ्या तक्रारीकडे आहे. पण पुस्तक काढून टाकलं तर ‘तिच्या घराचं एक पान नाही’ हे मोजणार तरी कशात?

“मग ॲटिकस चांगला की वाईट?” भाचीला अजून निकाल हवा होता. मी म्हटलं, असाइनमेंटमध्ये निकाल मागितलेला नाही. मग साने गुरुजींचं सांगितलं. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, स्काउटची गोष्ट सुरू होते तोच सुमार. आणि त्याच गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. आई आंघोळ कर म्हणणारी, मुलगा देऊळ उघडायला लावणारा, आणि तरी मुलगा म्हणतो हे सगळं मला आईनं शिकवलं. स्काउटही मोठी होऊन मागे वळून सांगते आहे. भाचीनं यावर पुष्कळ वेळ काही लिहिलं नाही. मग विचारलं, “म्हणजे गोष्ट सांगणारा जितका पुढे गेलेला असतो तितकंच त्याला मागचं दिसतं?” मला हे सुचलेलं नव्हतं. ते तिच्या निबंधाचं शेवटचं वाक्य झालं, इंग्रजीत आणि जरा नीटनेटकं होऊन.

हल्ली इथे हैदराबादलाही आंतरराष्ट्रीय बोर्डांच्या शाळा मुलांना अशी पुस्तकं नेमतात, म्हणून मंडळातल्या पालकांसाठी दोन-तीन गोष्टी सांगून ठेवतो. पुस्तक तुम्हीही वाचा. सिनेमा पाहून चालत नाही, सिनेमात कॅलपर्नियाचं चर्च नाही. चिठ्ठ्या मुलानं स्वतःच्या हातानं लिहाव्यात, टाइप केल्या की कॉपी-पेस्ट आलंच. एका बैठकीत तीन-चार प्रकरणांपलीकडे जाऊ नका. आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना समोर बसवा. इंग्रजी येत नसेल तर उत्तम.

शाळा उघडली, निबंध गेला. कॅलपर्नियाच्या परिच्छेदाशेजारी टीचरनं समासात लिहिलंय की हे चर्चेला घेऊ या. पेल्याचा उल्लेख भाचीनं निबंधात केलेला नाही. ते शाळेसाठी नव्हतं, म्हणाली.

डिसेंबरात ती पुन्हा येतेय. परवा आई मावशींना विचारत होती, नात येणार आहे, तिला तुमचं घर बघायचंय, आम्ही दोघी आलो तर चालेल का. मावशी भांडी घासायच्या थांबल्या. कोणत्या वारी, म्हणाल्या. आईनं सांगितलं, तुम्ही म्हणाल तेव्हा. मग रविवारी या, मावशी म्हणाल्या, बाकीच्या दिवशी मी इथेच असते.